आधी कोण, नंतर कोण?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं, आणि सगळ्यांना कळेल असं बोलायचं. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, पोलीस खात्यात आहेत, बँकेत आहेत. त्यांचं सोपं आहे. माझं काम सांगायला अवघड. ग्रुपवर मला चार-पाच जणांनी विचारलं, "पुण्यात कंपनीत असतेस ते ठीक, पण करतेस काय?" कॉम्प्युटरचं काम म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "आमचा प्रिंटर चालत नाही, बघतेस का?"

तर एका वाक्यात सांगते. कॉम्प्युटर चालू केल्यावर त्याच्या पोटात शंभर-दीडशे लहानमोठी कामं सुरू होतात. त्यातलं आधी कोणतं, नंतर कोणतं, आणि कुणावाचून कुणाचं अडतं, हे नीट लावून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. पण या आधी-नंतरच्या गोंधळाने आपल्याच जिल्ह्यात एका पोरावर चोरीचा आळ आला होता. ती हकिकत पुढे सांगणार आहे. त्याआधी थोडा अभ्यास. शाळेत उभी आहे, एवढा हक्क मला आहे.

मी ज्यावर काम करते त्याचं नाव लिनक्स. १९९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, ते आपल्याला सामान्यज्ञानात होतं. त्याच वर्षी फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम जगासमोर ठेवला, ज्याला हवा त्याने वाचावा, बदलावा, वापरावा म्हणून. तेच लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. बँकांच्या, रेल्वेच्या आरक्षणाच्या, आपण रोज उघडतो त्या बहुतेक वेबसाइटच्या मागे जे मोठे संगणक असतात, त्यांतल्या पुष्कळांवर तेच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते पाहू. आधी मशीनच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरच्या दुसऱ्या छोट्या प्रोग्रामला हाक मारतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून ठेवतो. इथेच पहिला पेच येतो. कर्नलला पुढचं सगळं डिस्कवरून वाचायचं असतं. डिस्क कशी वाचायची हे सांगणारा ड्रायव्हर लागतो. आणि तो ड्रायव्हर कुठे ठेवलेला असतो? त्याच डिस्कवर! कुलपाची किल्ली घरात आणि आपण दाराबाहेर, तशी गत.

यावर तोडगा शिदोरीचा. कर्नलबरोबर एक छोटं गाठोडं आधीच मेमरीत आणून देतात. त्यात सुरुवातीपुरते ड्रायव्हर आणि दोन-चार अवजारं असतात. ती शिदोरी खाऊन कर्नल डिस्कपर्यंत पोहोचतो, खरी डिस्क उघडतो आणि गाठोडं टाकून देतो. वीजनिर्मितीतही हाच पेच असतो. औष्णिक केंद्राचे पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या चालवायला आधी वीज लागते. सगळीकडेच अंधार झाला तर पहिली वीज अशा ठिकाणाहून आणावी लागते, जे दुसऱ्याच्या विजेवाचून जवळजवळ स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकतं. म्हणून जलविद्युत केंद्रांचं महत्त्व. कुणी कुणावर अवलंबून आहे याचं गोल रिंगण झालं, तर त्या रिंगणाबाहेरचा कुणीतरी लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

डिस्क उघडली की कर्नल पहिला प्रोग्राम सुरू करतो. त्याचा हजेरीपटावरचा नंबर कायम एक. बाकीच्या सगळ्यांना उठवायचं काम या एक नंबरवाल्याचं. डिस्कचे बाकीचे भाग जोडा, घड्याळ लावा, नेटवर्क उभं करा, मग डेटाबेस, मग छपाई, मग लॉगिनचा पडदा.

पूर्वी हे काम आपल्या प्रार्थनेच्या रांगेसारखं चालायचं. प्रत्येक सेवेला एक क्रमांक दिलेला असायचा. उदाहरणार्थ, नेटवर्क दहा, वेबसर्व्हर पंच्याऐंशी. एक नंबरवाला क्रमाने हाक मारायचा, दहाव्याचं काम आटोपलं की पुढचा. पद्धत सरळ, पण दोन खोटी. एक, वेळ फार लागायचा. एखादा मध्येच अडला की मागची सगळी रांग उन्हात उभी. दुसरी खोट जास्त खोल होती. क्रमांकातून फक्त जागा कळते, कारण कळत नाही. पंच्याऐंशी हा दहाच्या नंतर का, तर त्याला नेटवर्क लागतं म्हणून. पण छपाईची सेवा साठ नंबरवर का? लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. मग क्रमांक बदलायला सगळेच घाबरायचे. सरकारी कार्यालयात एखादा रकाना वर्षानुवर्षं भरतात, पण का भरतात ते कुणाला ठाऊक नसतं, तसं.

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स या दोघांनी एक नंबरच्या जागेसाठी नवा प्रोग्राम आणला. त्याचं नाव सिस्टमडी. तो २०११ मध्ये फेडोरात आला, २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत, २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूत. येताना वाद केवढे झाले! डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ च्या फेब्रुवारीत मतं समसमान पडली आणि शेवटी अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. लग्नातल्या मानपानावरून होतं तसंच हे, पहिल्या पाटावर कुणी बसायचं यावरून. त्या वादात मी शिरत नाही. मला त्यातली एक गोष्ट सांगायची आहे. नव्या पद्धतीत क्रमांक गेले. त्यांच्या जागी प्रत्येक सेवेने आपलं आपण लिहून द्यायचं, की मी कुणाच्या नंतर, कुणाच्या आधी आणि कुणाशिवाय नाही. रांग मग एक नंबरवाला स्वतः लावतो.

हे समजायला आपल्याला तुळजापूरपेक्षा जवळचं उदाहरण नाही. नवरात्रात देवीची पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. पालखी निघाली नाही म्हणून पलंग घरी बसत नाही. दोघंही आपापल्या मार्गाने, आपापल्या मानकऱ्यांबरोबर येत असतात. मात्र दसऱ्याचं सीमोल्लंघन पालखीशिवाय नाही, आणि त्यानंतरची पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा पलंगाशिवाय नाही. म्हणजे जिथे खरोखर अडतं तेवढ्याच जागी थांबायचं, बाकी सगळं एकाच वेळी चालू द्यायचं. आपल्या पूर्वजांनी ही व्यवस्था कुठल्याही कॉम्प्युटरवाचून लावली. आम्ही तीच शेकडो कामांसाठी लावतो, आणि त्यामुळे पूर्वी जे मशीन उठायला दोन-तीन मिनिटं घ्यायचं ते आता काही सेकंदांत उठतं.

यात एक गंमतही आहे. कधी कधी सेवा अजून उठलेलीही नसते, तरी तिच्या नावाची खिडकी एक नंबरवाला आधीच उघडून ठेवतो. इतरांनी आपले निरोप त्या खिडकीत टाकायचे. सेवा उठली की साचलेले निरोप ती एकेक करून वाचते. कळंब गाडीला आपण काय करायचो? बस फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. माणूस नंतर चढला तरी चालतं, जागा पक्की. ॲपलच्या संगणकांत ही युक्ती २००५ पासून होती, लिनक्सने ती तिथून घेतली. पण मला खात्री आहे की मूळ शोध आपल्या एसटी स्टँडवरचाच.

आता नवशिक्या मुलांना मी जे सगळ्यात आधी शिकवते ते सांगते. 'नंतर' आणि 'शिवाय नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत. "पाहुण्यांच्या नंतर घरच्यांची पंगत" हा क्रम झाला. पाहुणे आलेच नाहीत तर घरचे उपाशी राहत नाहीत. "भटजींशिवाय लग्न नाही" ही गरज झाली. सिस्टमडीत या दोन गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहाव्या लागतात. नुसतं 'आफ्टर' लिहिलं तर क्रम मिळतो, पण समोरचा पडला तरी ही सेवा खुशाल उभी राहते. नुसतं 'रिक्वायर्स' लिहिलं तर गरज नोंदवली जाते, पण क्रम मिळत नाही. दोघांना एकदमच उठवलं जातं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहायला पाहिजे. मी पाहिलेल्या कितीतरी बिघाडांचं मूळ एवढ्यात असतं.

दुसरा धडा असा, की 'सुरू झालं' म्हणजे 'तयार झालं' नाही. चूल पेटली म्हणजे भाकरी झाली असं नव्हे. नेटवर्कची सेवा सुरू झाली असं मशीन म्हणतं, तेव्हा बाहेर निरोप जाईलच असं नसतं. म्हणून लिनक्समध्ये 'नेटवर्क' आणि 'नेटवर्क ऑनलाइन' असे दोन वेगळे टप्पे ठेवले आहेत. डेटाबेससारखी मोठी सेवा तर स्वतः कळवू शकते, की "आता मी तयार आहे, पुढच्याला सोडा." ज्यांना हे माहीत नसतं ते काय करतात? मध्ये "दहा सेकंद थांब" अशी ओळ टाकतात. त्यांच्या टेबलावरच्या नव्या मशीनवर ती पुरते. गावातल्या जुन्या मशीनला बारा सेकंद लागतात, आणि मग एक दिवस पुरत नाही.

आता ती हकिकत. आपल्याच एका वर्गमित्राच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. गावाचं नाव सांगत नाही, आणि तो मित्रही इथेच बसला आहे, त्याच्याकडे बघू नका. सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटल्या घेऊन येतात. वजन होतं, फॅट लागते, पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. ही सगळी नोंद एका लिनक्सच्या छोट्या कॉम्प्युटरवर. मशीन आणि प्रोग्राम एका पुरवठादाराने बसवून दिलेले. नोंदी वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या, मशीन बिघडलं तरी हिशोब सुरक्षित राहावा म्हणून. कल्पना चांगलीच होती.

रात्री लाईट जायची, पहाटे यायची, कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा. केंद्रावर बसणारा एक तरुण पोरगा होता, बारावी झालेला. एका सकाळी त्याने पाहिलं तर पडद्यावर आदल्या दिवसापर्यंतची एकही नोंद नाही, वही कोरी. समोर रांग लागलेली. त्याने नोंदी घ्यायला सुरुवात केली, पावत्या दिल्या. दुपारी पुन्हा लाईट गेली, आली. संध्याकाळी बघतो तर जुन्या सगळ्या नोंदी हजर, आणि सकाळच्या गायब! पंधरवड्यात हे तीन वेळा झालं.

बिलाच्या दिवशी भडका उडाला. प्रत्येकाच्या बिलात तीन सकाळचं दूध कमी. दोन म्हशींवर घर चालणाऱ्या बाईला तीन वेळचं दूध म्हणजे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरवठादार म्हणाला, मशीन चांगलं आहे, व्हायरस असेल नाहीतर कुणीतरी नोंदी पुसतंय. 'कुणीतरी' म्हणजे कोण? मशीनजवळ बसणारा एकच. गावात बोलबाला व्हायला वेळ लागतो का? पोरगा दूध खातोय, असं पारावर बोललं जाऊ लागलं. तो घराबाहेर पडेना.

मित्राचा फोन आला तेव्हा मी सुट्टीला गावी आलेले होते. मी जाऊन बसले आणि मशीनची रोजनिशी उघडली. लिनक्स दर वेळी उठताना काय काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं, आणि मागच्या प्रत्येक वेळची रोजनिशी वेगळी काढून वाचता येते. त्या तिन्ही पहाटेच्या रोजनिशीत एक ओळ सापडली, जी इतर दिवशी तशी नव्हती. तिचा मराठीत अर्थ असा: "क्रमाचं चक्र सापडलं, ते तोडण्यासाठी डिस्क जोडण्याचं काम वगळलं."

काय झालं होतं? लाईट अचानक गेल्यावर डिस्क खराब होऊ नये म्हणून पुरवठादाराने एक तपासणी-सेवा घातली होती. तिच्यात लिहिलं होतं, "मी डिस्क जोडण्याच्या आधी." बरोबरच वाटतं. पण लिनक्सचा स्वतःचा नियम आहे, की ठरलेल्या डिस्क जोडून झाल्याशिवाय पायाभूत टप्पा पूर्ण होत नाही. आणि तिसरा एक नियम आहे, जो फाइलमध्ये लिहिलेला दिसत नाही पण लागू असतो. कुठल्याही साध्या सेवेला, तिने वेगळं काही सांगितलं नसेल तर, पायाभूत टप्प्यानंतरच उठवतात. आता जुळवा. तपासणी डिस्कच्या आधी. डिस्क पायाभूत टप्प्याच्या आधी. पायाभूत टप्पा तपासणीच्या आधी. तपासणी स्वतःच्याच आधी! शेपूट तोंडात धरलेला साप.

गणिताच्या सरांची इथे आठवण होते. बाणांनी जोडलेल्या कामांची सरळ यादी लावायची रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली. ज्याच्या आधी कुणी उरलेलं नाही ते काम उचला, यादीत टाका, त्याचे बाण पुसा, पुन्हा तेच करा. पण रिंगण असेल तर एक वेळ अशी येते की प्रत्येकाच्या आधी कुणीतरी शिल्लकच असतं. अशा वेळी यादी लागतच नाही. कितीही हुशार मशीन आणा, लागणार नाही. मग सिस्टमडी काय करतं? अख्खं मशीन अडवून धरण्याऐवजी ते रिंगणातलं एखादं काम सोडून देतं आणि पुढे जातं. कोणतं सोडेल? ज्यावाचून अगदीच अडत नाही असं त्याला दिसतं, ते. दर वेळी तेच सुटेल याची हमी नाही. म्हणून बहुतेक दिवशी तपासणी सुटायची आणि कुणाला काही कळायचं नाही. तीन दिवशी डिस्क सुटली.

आणि डिस्क सुटल्यावरही दुधाचा प्रोग्राम उठला, कारण त्याच्या फाइलमध्ये डिस्कचं नावच नव्हतं. त्याने आपलं फोल्डर उघडलं, ते रिकामं दिसलं, म्हणून त्याने इमानेइतबारे नवी वही सुरू केली. मग सकाळच्या नोंदी गेल्या कुठे? आपल्या जुन्या घरांत भिंतीला कोनाडा असायचा. कोनाड्यात वही ठेवली आणि पुढ्यात कपाट सरकवलं, तर वही कुठे जात नाही. ती कपाटामागे असते. लिनक्समध्ये डिस्क जोडतात ती अशीच, एका फोल्डरच्या पुढ्यात. डिस्क नसताना त्या फोल्डरमध्ये लिहिलेलं डिस्क जोडल्यावर झाकलं जातं.

मी प्रोग्राम थांबवला आणि डिस्क सोडवली, म्हणजे कपाट बाजूला सरकवलं. तिन्ही सकाळच्या सगळ्या नोंदी तिथे होत्या. नाव, वजन, फॅट, वेळ, सगळं जसंच्या तसं. शेतकऱ्यांकडच्या पावत्या आणल्या, एकेक ताडून पाहिली. जुळल्या. बिलं दुरुस्त झाली. मित्राने त्याच संध्याकाळी रांगेतल्या सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. पोरगा काही बोलला नाही, पुढच्या किटलीचं वजन करायला लागला.

दुरुस्ती काय केली ते सांगते, कारण तुमच्यातल्या काहींच्या कार्यालयांतही अशी मशीन आहेत. पहिलं, ती तपासणी-सेवा काढून टाकली. जोडण्याआधी डिस्क तपासायची सोय लिनक्समध्ये मुळातच आहे. डिस्कच्या यादीत एक आकडा शून्याऐवजी दोन करायचा होता. समजा ती सेवा ठेवायचीच असती, तर तिच्यात स्पष्ट लिहावं लागलं असतं, की मला तो न दिसणारा नियम लावू नका, मी पहाटेच्या पाळीतली आहे. अगदी सुरुवातीला उठणाऱ्या सेवांना ही ओळ लागतेच. ती राहून गेली की रिंगण ठरलेलं.

दुसरं, दुधाच्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एक ओळ घातली, की या फोल्डरची डिस्क जोडलेली असेल तरच आणि जोडल्यानंतरच मला उठवा. क्रम आणि गरज, दोन्ही एका ओळीत. आता कधी डिस्क जोडली गेली नाही, तर प्रोग्राम उठणार नाही. पोरगा कागदावर नोंद घेईल आणि फोन करेल. खोटी वही उघडण्यापेक्षा वही न उघडणं बरं.

तिसरं, डिस्क सोडवलेली असतानाच त्या कोनाड्याला कुलूप लावलं, म्हणजे मागच्या रिकाम्या फोल्डरमध्ये कुणालाच काही लिहिता येणार नाही असं केलं. आणि शेवटी, सेवांच्या फाइली तपासून रिंगण आहे का ते आधीच सांगणारी एक आज्ञा लिनक्समध्ये आहे, ती चालवून पाहिली. ही आज्ञा मशीन बसवताना चालवायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. मग सात-आठ वेळा मुद्दाम वायर काढून, लावून पाहिलं. दर वेळी वही जागेवर.

या सगळ्यात माझी हुशारी फार नव्हती. मशीनने खरं ते लिहून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच होता की ते कुणी वाचलं नव्हतं. आणि ते वाचता आलं, कारण लिनक्स उघडं आहे. प्रत्येक सेवेची फाइल साधा मजकूर असते, पाच-दहा ओळींचा. कुणीही उघडावी, वाचावी, विचारावं की हे असं का. शाळेच्या संगणक कक्षात आता बरीच मशीन आहेत, हे बघून बरं वाटलं. सरांना माझी एक विनंती आहे. त्यातल्या दोन जुन्या मशीनवर लिनक्स टाकू द्या. मी येऊन टाकून देईन. मुलांना त्यावर टायपिंग शिकवू नका, ते ती फोनवरच शिकली आहेत. त्यांना मशीनची पहाट वाचायला शिकवू या. कोण आधी उठलं, कोण कुणासाठी थांबलं, कुणाला किती वेळ लागला, हे सगळं पडद्यावर दाखवता येतं. आठवी-नववीच्या मुलाला ते कळतं, हे मी पुण्यात करून पाहिलं आहे.

बाकीच्यांना लिनक्स शिकायची गरज नाही. पण तुमच्या पतसंस्थेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, बाजार समितीत कुणी नवं मशीन बसवायला आलं, तर त्याला सही देण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कशाच्या नंतर सुरू होतं? कशाशिवाय चालणार नाही, आणि ते नसेल तेव्हा हे थांबतं की चुकीचं चालतं? तयार झालं हे आम्हाला कसं कळेल? मग त्याच्यासमोर एकदा मेन स्विच बंद करा आणि पुन्हा चालू करा. आपल्याकडे लाईट जाणारच आहे. ती पहिल्यांदा बसवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत गेलेली बरी.

आणि मशीन काही चुकीचं दाखवू लागलं, तर त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसावर बोट ठेवायच्या आधी त्याची रोजनिशी उघडा. वाचता येत नसेल तर मला पाठवा. प्रिंटरचं मात्र खरंच मला कळत नाही.

संयोजकांनी मेहनतीने हा दिवस जमवून आणला, सर आणि बाई या वयात प्रवास करून आले, त्यांना नमस्कार करते आणि थांबते. जेवणाची पंगत तयार आहे असं कळलंय. आधी गुरुजन, नंतर आपण.